भिंती वाळेपर्यंत

3 मे 2022 ला सकाळी आम्ही आमच्या घरी परत राहायला गेलो. अक्षय्य तृतीया होती. रमजान ईदही त्याच दिवशी आली होती, त्यामुळे गल्लीत दोन्हीकडून अत्तराचा आणि आंब्याचा वास येत होता. टेम्पोतून सामान उतरत होतं, मुलगा गादीच्या वळकट्या मोजत होता आणि मी उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहायला वाटी शोधत होते. सासूबाई, ज्यांना मी लग्न झाल्यापासून आईच म्हणते, तेवढ्या वेळात काठी टेकत सरळ माजघरात गेल्या आणि नदीकडच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग मागे न बघताच म्हणाल्या, "वाळली गो."

नऊ महिने अकरा दिवस आम्ही या एका शब्दाची वाट पाहिली होती.

घर चिपळुणातलं, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. घरापासून चार-पाच मिनिटं चाललं की वाशिष्ठी. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. माजघरातल्या तुळईवर 1938 असं कोरलेलं आहे, आणि कोरणाऱ्याचा हात शेवटच्या आकड्यावर थोडा घसरलाय. भिंती जांभ्याच्या, चिऱ्यांच्या मध्ये माती आणि वर चुन्याचा हात. खांब फणसाचे, वासे किंजळाचे, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, त्याच्या एका बाजूला देवघर आणि दुसऱ्या बाजूला बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, मागल्या दाराबाहेर विहीर. कोकणात अशी घरं गावोगाव आहेत. आमचं त्यातलं मोठंही नाही आणि देखणंही नाही. पण माझा संसार त्यात झाला.

2021 ची आषाढी एकादशी 20 जुलैला झाली, 21 ला बकरी ईद होती आणि पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. हे दिवस मी एवढे लक्षात ठेवलेत कारण पुढे महिनोन्महिने गावात याच गोष्टी बोलल्या गेल्या. पौर्णिमा जवळ म्हणजे उधाण. उधाण म्हणजे दाभोळच्या खाडीतून भरती नेहमीपेक्षा वर चढणार आणि वाशिष्ठीचं पाणी उतरायला जागा उरणार नाही. त्यात सह्याद्रीवर पडणारा तो पाऊस. त्यात गाळाने उथळ झालेलं नदीचं पात्र, आणि गावाच्या मधून वाहणारी शिवनदी, जिचा निम्म्याहून जास्त नाला झालेला. शिवाय कोयनेचं पाणी. ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला आणि कोळकेवाडीला येतं, वीज करतं आणि मग वाशिष्ठीतच सुटतं. त्या रात्री यातल्या कुणाचा वाटा किती, यावर गावात खूप भांडणं झाली. मी त्यात पडणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पहाटे मागल्या दारातून पाणी आत आलं तेव्हा त्याचा आवाज झाला नाही. मांजर फडताळावर उडी मारून बसलं आणि रडायला लागलं, म्हणून मला जाग आली.

आमची तयारी होती. पुराच्या गावात राहणाऱ्याची असतेच. 26 जुलै 2005 ला पाणी माजघराच्या खिडकीच्या खालच्या गजाला लागलं होतं, तिथे सासऱ्यांनी खिळ्याने एक खूण करून ठेवली होती. त्यानंतर घरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट त्या खुणेच्या वर गेली. कपाटाचे वरचे दोन खण, भिंतीतलं फडताळ, तांदळाच्या पिंपासाठी बांधलेला उंच कट्टा, फ्रिजखालचे चिरे, सगळं 2005 च्या हिशेबाने. सोळा वर्षं आम्ही त्या खुणेवर विसंबून होतो. 22 जुलैला सकाळी साडेसातच्या सुमाराला पाण्याने ती खूण ओलांडली आणि मग आमच्याकडे काही हिशेबच उरला नाही. पाणी आणखी तीन फूट चढलं.

आम्ही माळ्यावर होतो. आई, मी, नवरा, मुलगा, शेजारच्या वहिनी आणि त्यांचा दोन वर्षांचा नातू. आईंनी वर चढण्याआधी ताम्हनात देव घेतले आणि ते ताम्हन पोटाशी धरूनच त्या शिडी चढल्या. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. वीज गेलेली, मोबाईल मुके. माळ्याच्या फटीतून खाली बघितलं की माजघराच्या जागी तपकिरी पाणी दिसायचं. त्यावर आमचा पाट, मग उशी, मग तांदळाचं पिंप आडवं होऊन खांबाभोवती सावकाश फिरत होतं. दुपारी कधीतरी मागून एक आवाज आला. दगड कोसळल्याचा म्हणावा तसा नव्हता, कुणीतरी जड उसासा टाकावा तसा होता. आई म्हणाल्या, "स्वयंपाकघराची भिंत गेली." बघायला कुणी उतरू शकत नव्हतं. त्या म्हणाल्या ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही उतरलो. त्या दिवसाबद्दल सगळीकडे खूप लिहून आलं, टीव्हीवरही दाखवलं. चिपळूणचं नाव तेव्हा देशभर गेलं. त्यामुळे मी फार सांगत नाही. गाळ गुडघाभर होता आणि त्याचा वास पुढे महिनाभर नाकातून गेला नाही. भिजलेला तांदूळ तिसऱ्या दिवशी फुगून आंबला, त्याचा वास तर कुठल्याही मेल्या जनावराहून वाईट. घाटावरून आणि मुंबईहून मुलांच्या टोळ्या फावडी घेऊन आल्या होत्या. आमच्या घरी सात जण आले. दीड दिवस त्यांनी गाळ ओढला, आमच्याकडे द्यायला चहासुद्धा नव्हता, आणि जाताना एकाने आईंच्या पाया पडून "आज्जी, येतो" एवढंच म्हटलं. त्यांची नावं मी विचारली नाहीत याची मला अजून रुखरुख आहे.

पुस्तकांचं मात्र सांगायला हवं. कपाटातली खालची तीन खणं भिजून इतकी फुगली होती की कपाट उघडेना. सुताराने पाठची फळी काढली तेव्हा पुस्तकं विटांसारखी एकमेकांना चिकटून बाहेर आली. आमच्या गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराचंही तेच झालं. 1864 सालचं वाचनालय ते, 2005 ला भिजलं, सावरलं आणि 2021 ला पुन्हा भिजलं. आई तिथल्या जुन्या वाचक. स्वतःच्या घराचं नुकसान त्यांनी कोरड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वाचनालयातून पुस्तकांचा लगदा हातगाडीवर घालून नेतायत असं कुणी सांगितलं तेव्हा त्या रडल्या.

आमच्या विटांमध्ये सासऱ्यांची एक वही होती. दरवर्षीचा पहिला पाऊस कधी पडला, नदी घाटाच्या कितव्या पायरीला लागली, आंबा कधी मोहरला, असं सगळं त्यात लिहिलेलं असायचं. शाईच्या पेनाने लिहिलेली वही. पानं वेगळी झाली, पण त्यांच्यावर फक्त निळसर धुरासारखं काहीतरी उरलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. पुण्याचा दीर, बोरिवलीची नणंद, माझा भाऊ, सगळे काळजीपोटीच बोलत होते. पाडा आणि स्लॅबचं बांधा. खाली पार्किंग, वर घर. एका बिल्डरचा निरोपही आला. विम्याचा माणूस येऊन मातीत रचलेल्या भिंती बघून गेला आणि कागदावर 'कच्चं बांधकाम' असं लिहून गेला. त्र्याऐंशी पावसाळे काढलेल्या घराला कच्चं म्हणताना त्याचा हात जरासुद्धा थांबला नाही. त्याच सुमाराला गावात पूररेषांचा विषय पेटला. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर त्या रेषा आखल्या तर निम्मं गाव आत येत होतं. रेषेच्या आत नवीन बांधायला परवानगी मिळेल की नाही, हे कुणी छातीठोक सांगेना. लोक चिडले होते आणि त्यांचं बरोबर होतं. गाळ काढा, मग रेषा ओढा, असं म्हणत डिसेंबरात गावाने साखळी उपोषण केलं. नवराही एक दिवस तिथे बसला. पुढे नदीत यंत्रं उतरली, गाळ निघायला लागला. त्या एका गोष्टीने गावाला जेवढा धीर दिला तेवढा मदतीच्या चेकने दिला नव्हता.

पाडायचं की दुरुस्त करायचं हे शेवटी आईंनी ठरवलं. भाड्याच्या खोलीत, पाव चहात बुडवत, त्या म्हणाल्या, "तीन भिंती उभ्या आहेत. उभ्या माणसाला कुणी जाळतं का?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

आम्हाला घाई होती. घर सोडलेल्या माणसाला घाईच असते. डोंगराच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या होत्या, त्यात पाच माणसांचं (नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे होती) भागत नव्हतं. गणपती त्या खोल्यांतच बसवला, टीपॉयवर. निदान दिवाळी तरी घरी, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून सप्टेंबरात पाऊस जरा थांबल्याबरोबर एका ठेकेदाराला काम दिलं. माणूस झटपट होता. बाळंतिणीच्या खोलीच्या भिंती त्याने तासल्या, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, पुट्टी मारली, पांढरा रंग दिला. बावीस दिवसांत खोली नवीकोरी. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. कितीतरी दिवसांनी पाठवण्यासारखा फोटो होता.

दिवाळीच्या आधी पाच-सहा दिवस झाडायला गेले तर भिंतीला खालून दीड हातावर फोड आले होते. बोट लावलं की पोपडा पडायचा आणि मागे मिठासारखी पांढरी भुकटी दिसायची. लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. आठ दिवसांत लोणा छातीपर्यंत चढला आणि एका कोपऱ्यात गिलावा भिंतीपासून सुटून ढोलासारखा वाजायला लागला. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, जुन्या घरांचं असंच असतं.

मग ज्यांना आधीच बोलवायला हवं होतं त्यांना बोलावलं. खाडीकडच्या गावचे एक गवंडी आहेत, आमच्या शेजारच्या वहिनी त्यांना चाचा म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो. सत्तरीच्या पुढचे, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी करणीच्या टोकाने गिलाव्याचा एक तुकडा उचकटला, मागची जांभ्याची भुकटी चिमटीत घेतली, दाबली, तिचा गोळा झाला. तो गोळा माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, पाणी गेलं ते तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं. भिंतीतलं नाय गेलं."

जांभा हा सच्छिद्र दगड. तोडून बघितला की आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. पुरात दीड दिवस उभी राहिलेली दीड फूट जाडीची भिंत किती पाणी पिते याचा आम्ही विचारच केला नव्हता. ते पाणी बाहेर यायला वाट पाहिजे. आम्ही आतून सिमेंट थापून ती वाट बंद केली होती. मग पाणी मिळेल त्या फटीने बाहेर येणार, सोबत गाळातले आणि सिमेंटमधले क्षार आणणार आणि गिलावा ढकलून देणार. चुना आणि माती ओल धरतात तशी सोडतातही. चाचांनी हे सगळं माझ्यासारखं सांगितलं नाही. ते म्हणाले, "रेनकोट घालून पोराला निजवलंत."

त्यांची अट एकच होती. केलेला सगळा गिलावा काढायचा, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि भिंती वाळेपर्यंत त्यांना काम विचारायचं नाही.

"किती दिवस?"

"ते भिंतीला विचारा."

विचारायची रीतही त्यांनी शिकवली. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा भिंतीला लावायचा, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आतून दहिवर धरलं असेल तर ओल आहे. आणि दर आठवड्याला ओलीची कड जिथे असेल तिथे खडूने रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची. ते काम मी अंगावर घेतलं. पहिली रेघ माझ्या डोक्याच्या वर आली. दोन खुर्च्यांवर उभं राहून मुलाने ओढली: 7 नोव्हेंबर. त्यानंतर दर रविवारी सकाळी डबा घेऊन मी घरी जायचे. गिलावा उतरवलेलं, दारं नसलेलं, छपराला टेकू दिलेलं घर. त्यात वारा इकडून तिकडे हिंडत असायचा. मी रेघ ओढायचे आणि पडवीच्या पायरीवर बसून पोळीभाजी खायचे.

दारं कुठे गेली तेही सांगते. सुतारकाकांनी ती पहिल्याच आठवड्यात बिजागऱ्यांतून काढली होती. मी उन्हात टाकायला निघाले होते, त्यांनी थांबवलं. भिजलेलं लाकूड उन्हात टाकलं की एका अंगाने आखडतं आणि पीळ घेतं. सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून, एकावर एक आडवी रचायची आणि वर वजन ठेवायचं. आमची अकरा दारं अशी सहा महिने त्यांच्या शेडमध्ये निजून होती. परत बसवताना नऊ जशीच्या तशी चौकटीत बसली. माजघराच्या दाराला वर सुपारीएवढी फट राहते. ती तशीच राहू दिली.

ओलीची कड सुरुवातीला भराभर उतरली. नोव्हेंबर सरेपर्यंत खांद्याशी आली. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला आणि हवा पुन्हा दमट झाली. दोन आठवडे रेघ जागची हलली नाही. त्या दोन आठवड्यांत मी सगळ्यात जास्त खचले. पूर आला तेव्हा करायला काहीतरी होतं, गाळ काढायचा होता, माणसांना खायला घालायचं होतं. आता नुसतं बघायचं. आईही त्या दिवसांत गप्प झाल्या. भाड्याच्या खोलीत त्या सकाळी आंघोळ करून खिडकीपाशी बसायच्या ते थेट जेवायलाच उठायच्या. तिथे त्यांना करायला काही नव्हतं. घरी त्या दिवसभर हिंडत असायच्या. विळीवर नारळ खवायच्या, तुळशीला पाणी घालायच्या, कौलांतून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशावरून किती वाजले ते सांगायच्या. इथे त्यांनी एकदासुद्धा 'घरी कधी जायचं' असं विचारलं नाही. रविवारी मी परतले की फक्त म्हणायच्या, "कुठवर आली?" मी हाताने छाती, कंबर दाखवायची. जानेवारीत थंडी पडली, कोरडं वारं सुटलं आणि रेघ पुन्हा उतरायला लागली. संक्रांतीला मी गुडघा दाखवला. त्या दिवशी त्यांनी खूप दिवसांनी स्वतः तीळ भाजले.

पडलेली भिंत याच काळात उभी राहिली. ढिगातले चिरे एकेक करून काढले, माती खरवडली, फुटके बाजूला केले. तीनशेच्या आसपास चांगले निघाले. बाकीचे नवे आणले. जुना चिरा हाताने तासलेला, अंगाने मोठा, कडा गोलसर. नवा यंत्राने कापलेला, धारदार आणि आकाराने लहान. दोघांचे थर एका रेषेत येईनात. चाचांनी जुने सगळे खाली लावले, नवे वर, आणि मध्ये जिथे दोन्ही भेटतात तिथे चिपा घालून सांधलं. आतून गिलावा केला. बाहेरून ती भिंत उघडीच ठेवली, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरल्या. मागल्या अंगणातून बघितलं की सांधा स्पष्ट दिसतो. पुण्याचा दीर म्हणाला, वर प्लास्टर करून घ्या, बरं दिसेल. मला तो सांधा दिसलेला आवडतो.

त्या ढिगातच, अगदी तळाशी, वरवंटा मिळाला. पाटा पुरात जागचा हलला नव्हता. गाळ काढला तेव्हा तो होता तिथेच होता, पाठीवर मूठभर वाळू घेऊन. वरवंट्याचा मात्र पत्ता नव्हता. आम्ही विहीर उपसली तेव्हा तिथेही बघितलं होतं. तो भिंतीबरोबर गेला होता. आईंच्या सासूबाईंपासूनचा वरवंटा, मधोमध झिजून कमरेशी बारीक झालेला. गड्याने धोंडा समजून तो फुटक्या चिऱ्यांत टाकला होता. मुलाने ओळखला. भाड्याच्या खोलीत आणून दिल्यावर आईंनी तो मांडीवर घेतला आणि पदराने पुसत राहिल्या. पाटा तिकडे, वरवंटा इकडे, असे ते दोघे तीन महिने राहिले.

चुना मुंबईकडून गोणीत आला. पूर्वी खाडीतल्या शिंपल्या भाजून इथेच चुना व्हायचा, आता त्या भट्ट्या नाहीत. कळीचा चुना चाचांनी हौदात विरवला. पाणी ओतल्यावर तो रटरटून उकळला. जवळ उभं राहवेना. मग तीन आठवडे झाकून ठेवला. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. पहिला हात मार्चच्या सुरुवातीला लागला. तोवर माझी शेवटची खडूची रेघ जमिनीपासून चार बोटांवर आली होती. चाचा गिलावा करत वर सरकत होते आणि एकामागून एक माझ्या तारखा झाकल्या जात होत्या. 13 फेब्रुवारी, 30 जानेवारी, 16 जानेवारी. 7 नोव्हेंबरची रेघ आली तेव्हा त्यांनी थापी थांबवली आणि विचारलं, "ठेवायची?"

ती ठेवली. माजघराच्या भिंतीवर वहीच्या पानाएवढा एक चौकोन आहे, तिथे गिलावा नाही. आत नागडा जांभा आणि त्यावर मुलाच्या हाताची खडूची रेघ. सासऱ्यांची 2005 ची खूण त्याच भिंतीवर त्याच्या बरीच खाली, खिडकीपाशी आहे. खिळ्याने कोरलेली होती म्हणून ती राहिली.

काही गोष्टी बदलल्या. विजेची बटणं आता सगळी डोक्याच्या वर, आईंना पोचत नाहीत, त्यांच्यासाठी दोरीची सोय केली. प्लायवूड घरात आणलं नाही. पुरात त्याच्या अक्षरशः पुरणपोळ्या झाल्या होत्या. ओट्याखाली कडाप्प्याच्या फळ्या, वर स्टीलचे डबे. कागदपत्रं आणि उरलेले फोटो माळ्यावर, झाकणाच्या निळ्या पिंपात. माळ्याची शिडी आता कायमची लावलेली असते. तिला कठडा आहे, आणि पायऱ्या रुंद केल्यात. पायऱ्यांचं माप घेताना सुतारकाकांनी आईंना चढून दाखवायला सांगितलं होतं. देवघरही उंचावर न्यावं असं मुलाचं म्हणणं होतं. आई म्हणाल्या, देव आहेत तिथेच राहतील, पाणी आलं तर मी नेईन.

तर तीन मे. आईंनी भिंतीला हात लावला, देव ताम्हनातून देव्हाऱ्यात गेले. दुपारी शेजारच्या वहिनींनी शीरखुर्मा पाठवला, आम्ही आमरस पाठवला. चाचा नवीन सदरा घालून, नातवाला घेऊन आले. परशुराम जयंती म्हणून वरच्या डोंगरावर देवळात गर्दी होती, तिकडून परतणारे ओळखीचे लोक पडवीत टेकून जात होते. सगळ्यांनी घर बघितलं. एकाने खडूची रेघ बघून विचारलं, रंगवायचं राहिलंय का. संध्याकाळी आईंनी पाटा धुतला, वरवंटा त्यावर ठेवला आणि माझ्याकडे खोबरं-लसणीची वाटी मागितली. वाटण त्यांनी स्वतः वाटलं. हात थरथरत होते, थोडं जाडसरच राहिलं. आमटी सगळ्यांनी दोनदा घेतली.

पहिल्या पावसाळ्यात मी धड झोपले नाही. नदीची इशारा पातळी पाच मीटर आणि धोक्याची सात. हे आकडे पूर्वी बातमीतले होते, आता आमच्या घरात पोरंही रक्तदाब सांगावा तसे ते सांगतात. जुलैच्या सुरुवातीला सलग पाऊस लागला. फोनवर तासातासाला पातळी येत होती. एका रात्री साडेअकराला आम्ही ठरवलं आणि सामान माळ्यावर न्यायला घेतलं. डबे, गाद्या, मुलाचा लॅपटॉप, आईंची औषधं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, प्रत्येकाला आपलं काम ठाऊक होतं. पाऊण तासात घर रिकामं झालं. आई ताम्हन मांडीशी घेऊन ओटीवर बसल्या होत्या. देव अजून देव्हाऱ्यात होते, ताम्हन फक्त हाताशी. पाटा-वरवंट्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

पहाटे चारला पावसाचा जोर उतरला. पाणी आमच्या गल्लीत आलं नाही. उजाडल्यावर नवरा नदी बघून आला, म्हणाला, उतरतंय. मी चहा ठेवला. आई उठल्या, काठी घेऊन माजघरात गेल्या आणि त्याच जागी तळहात ठेवून उभ्या राहिल्या. मी कप घेऊन मागे थांबले.

"ओल आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात खड्डा पडला. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात लावला. भिंत गार होती, दमट होती, पावसाळ्यात कपडे न वाळणाऱ्या घरात असते तशी.

"पाऊस आहे ना बाहेर," आई म्हणाल्या. "असायचीच. आण तो चहा."